पस्तीस दिवसांची काळी काच

लेकीचे सर म्हणजे मिरवायलाच जन्माला आलेला माणूस. त्यांच्या खोलीत पुस्तकांपेक्षा पाहुण्यांबरोबरचे फोटो जास्त. प्रत्येक फोटोत सरांच्या हातात काहीतरी असतं, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं.

यंदा ते लेकीनं केलेलं होतं. शिसं आणि आयोडीनच्या क्षारांचं द्रावण काचेवर गरगर फिरवून पसरवायचं, तापवायचं, की काळा चकचकीत थर होतो. त्यावर उजेड पडला की वीज मिळते. पण थर भलताच नाजूक. हवेतली ओल लागली की पिवळा पडून कामातून जातो. म्हणून तो नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत ठेवायचा. दिव्याखाली हजार तास टिकला, तरच तिचा प्रबंध पुढे सरकणार होता. मी मात्र रोज फोनवर एकच विचारायची, "हात नीट धुतलेस ना गं?"

आठशे चाळीस तास, म्हणजे पस्तीस दिवस झाले आणि पाहुणे आले. लेक जेवायला गेली होती. संध्याकाळी बघते तर काच कडेनं पिवळी.

"पेटी गळत असेल," सर म्हणाले. "तुझंच लक्ष नसतं."

"कुणी बाहेर काढली होती का?"

"मी कशाला हात लावू? आता रडत बसू नकोस. हजार लिहून टाक. एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"मग तसं लिहून सही करून द्या, सर."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. सहीचं नाव निघालं की या माणसाचा चष्मा हमखास मळतो.

रात्री फोनवर मीही घाबरून म्हणाले, "लिही गं बाई, सुटशील."

"आई, तूसुद्धा?" तिनं फोन ठेवला.

चार दिवसांनी सरांच्या भिंतीवर नवा फोटो लागला: शेजारी पाहुणे, उघड्या तळहातावर ती काच. खाली पाहुणे आले त्या दिवसाची तारीखही सरांनीच हौसेनं घातलेली.

लेकीनं अहवालात आठशे चाळीसच लिहिले आणि 'चाचणी का थांबली' याखाली तो फोटो चिकटवला. प्रबंध तपासणाऱ्या समितीतल्या बाईंनी तो बघून एवढंच विचारलं, "सर, हातमोजे?"

सरांचा चष्मा पुन्हा पुसून झाला. लेकीला नव्यानं चाचणी करायला मुदत मिळाली, आणि पेटीची किल्लीही. काल तीनशे दहा तास झाले. काच काळीच आहे.

फोटो अजून भिंतीवर आहे. काढला, तर कबुली दिल्यासारखं होईल ना.