मागच्या बोळाची बातमी

माझं माहेर पोलादपूरचं. लग्न होऊन महाडला आले तेव्हा सासूबाईंनी सगळं घर दाखवलं आणि मागच्या दाराशी आल्यावर म्हणाल्या, “हे संध्याकाळी उघडायचं नाही. वास आत येतो.”

दाराबाहेर परसू, परसात विहीर, पुढे कमरेएवढा दगडांचा गडगा आणि गडग्यापलीकडे अरुंद बोळ. बोळाच्या त्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती. मालक मुंबईला असायचा, आळीत त्याला कुणी ओळखतही नसे. त्याचा गुमास्ता तेवढा भाडं गोळा करायला यायचा. खोल्यांतून बंदरावर ओझी वाहणारे हमाल, गाडीवान, बाजारात मिळेल ते काम करणारी माणसं राहायची, बहुतेक डोंगरातल्या वाड्यांवरून खाली आलेली. त्यांच्याकडचं नको असलेलं सगळं बोळात पडायचं. राख, माशांची खवलं, सुकटीचं धुवण, कुजका पेंढा, पोरांची घाण. पावसाळ्यात हे सगळं गडग्याखालून आमच्या परसात उतरायचं आणि विहिरीच्या कट्ट्याशी येऊन साचायचं.

मामंजी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. नियम म्हटला की त्यांचा आवाज चढायचा. भाड्याच्या खोल्यांना झाकणाची कचरापेटी हवी, गटारावर फळ्या हव्यात, सांडपाणी वाटेवर सोडता कामा नये. इथं यातलं एकही नव्हतं. त्यांनी म्युनिसिपालटीत तक्रार केली आणि साहेब पाहणीला येणार असं ठरलं.

साहेब आले त्या सकाळी बोळ आरशासारखा स्वच्छ. गटारावर फळ्या, भिंतीशी झाकणाची लाकडी पेटी, वर चुन्याची भुकटी फेकलेली. साहेबांनी एकवार मामंजींकडे पाहिलं.

“दाखवा, कुठं आहे घाण?”

चार दिवसांनी पेटी गेली, फळ्या गेल्या आणि बोळ होता तसा झाला. पुन्हा तक्रार झाली, पुन्हा साहेब आले, पुन्हा तोच चुना. या खेपेला साहेब जाताना म्हणाले, “उगाच शेजाऱ्यांशी वैर धरू नये माणसानं.”

तो शब्द मामंजींना फार लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ओटीवर बसून एवढंच म्हणत राहिले, “आतून कुणीतरी बातमी फोडतंय.”

आधी संशय म्युनिसिपालटीच्या शिपायावर गेला, म्हणून मामंजींनी साहेबांशीच परस्पर दिवस ठरवायला सुरुवात केली. तरी बोळ झाडलेलाच. मग संशय आला शेजारच्या कासारांवर. त्यांच्याकडे खोल्यांतल्या बायका बांगड्या भरायला यायच्या. खरं तर कासारांच्या परसातही तीच घाण उतरत होती, आणि तक्रारीवर त्यांनीही सही केली होती. पण मामंजी म्हणाले, “गिऱ्हाईक तुटेल म्हणून सही करून वर सावधही करत असेल.” एके दिवशी त्यांनी कासारांना मुद्दाम खोटं सांगितलं, “सोमवारी साहेब येतायत हां.” सोमवार उजाडला. आम्ही सगळे गडग्याशी. बोळात कोंबड्या घाण उकरत होत्या. ना पेटी, ना चुना.

नंतर खरा दिवस ठरला. तो त्यांनी घराबाहेर कुणाला सांगितला नाही. आणि त्या दिवशी बोळ झाडलेला, पेटी जागेवर.

साहेब गेल्यावर मामंजी आत आले. स्वयंपाकघरात मी आणि सासूबाई, दोघीच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी मात्र पाहिलं.

माझे यजमान मुंबईला एका पेढीवर कामाला. घरात माणसं आम्ही तिघंच. शिवाय त्या खोल्यांत एक हमालाची बायको होती, आमच्या पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. गडग्याशी मी पाणी काढत असले की ती पलीकडून हाक मारायची, “काय गो बाय, माहेरचा काय सांगावा हाय का?” सासूबाईंना ते ऐकू जायचं. माझ्या तोंडून ‘हाय, नाय’ निघालं तरी त्या मला थांबवायच्या. आता तर मी विहिरीवर गेले की त्याही काहीतरी निमित्तानं मागे यायच्या. मी खोलीत शिरले की दोघांचं बोलणं तुटायचं. दिवस ठरवायचा असला की मामंजी मला दुकानात पाठवायचे. कुणी मला चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर नाही म्हणता तरी आलं असतं.

एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तेव्हा मी सरळ गडग्याशी गेले. पलीकडे ती हमालाची बायको भांडी घासत होती. मी विचारलं, “साहेब येणार हे तुम्हाला कोण सांगतं?”

तिनं हात थांबवले. इकडंतिकडं पाहिलं. मग हसू लागली.

“सांगायला कशाला हवा गो कोन? तुमचा म्हातारा साहेबाला भेटायचा तर पागोटा धुतल्याबगर जात नाय. आदल्या दिवशी तुमची सासू पागोट्याला पेजेची खळ देते नि या टोकापास्नं त्या टोकापत्तर वाळत घालते. सगळा परसू भरतो. तो दिसला की आमी गुमास्त्याला सांगून धाडतो.”

पागोटं पेजेत बुडवायला मीच टोक धरत असे.

“आणि ती पेटी? नंतर जाते कुठं?”

“मालकाच्या वरच्या आळीतबी खोल्या हायत. पेटी येकच. फळ्या पन त्याच. गुमास्ता आनतो नि साहेब गेला की गाडीत घालून नेतो.” मग तिचा चेहरा बदलला. “बाय, आमी घान टाकतो ती दिसते तुमाला. पन टाकायची कुठं? गुमास्त्यानं सांगितलाय, दंड झाला तर पयले तुमाला भायेर काडीन. म्हनून झाडतो. मी सांगितला असा बोलू नको हां.”

मी ते सासूबाईंना सांगितलं. कुणाकडून कळलं ते सांगितलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलंच असणार. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “म्हणजे बातमी मीच वाळत घालत होते.” त्यांना हसू आलं नाही आणि मलाही नाही. मामंजींना त्यांनीच सांगितलं. आतून “काहीतरीच!” असं ओरडणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी बंडी आणि काळी टोपी घालून मागच्या दारानं बाहेर पडले आणि गडगा ओलांडून बोळात उतरले. इतक्या वर्षांत ते तिथं पहिल्यांदा गेले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, धोतर वर धरून. खोल्यांच्या दारांतून बायका गुपचूप बघत होत्या. कुणाला काही न विचारता ते परत आले, पाय धुतले आणि त्याच टोपीनिशी म्युनिसिपालटीत गेले. तासाभरात साहेबांना हाताला धरल्यासारखे घेऊन आले.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. पेटी नाही, फळ्या नाहीत. मामंजी या खेपेला खोल्यांतल्या लोकांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “साहेब, एवढ्या बिऱ्हाडांना कचरा टाकायची जागाच मालकानं ठेवलेली नाही. वरच्या आळीत चला, पेटी तिथं सापडेल.” आणि ती तिथं सापडली.

मालकाला नोटीस गेली. पेटी आली, ती भिंतीत कडी ठोकून अडकवलेली. गटारही झाकलं. विहिरीच्या कट्ट्याशी त्या पावसाळ्यात पहिल्यासारखं साचलं नाही. तरी म्युनिसिपालटीची गाडी पेटी रिकामी करायला कधी यायची, कधी नाही, आणि नाही आली की पेटीभोवती ढीग व्हायचाच.

पण आळीचं जे बिघडायचं ते बिघडलं होतं. सोमवारची गोष्ट कासारांना कळली. ते ओटीपर्यंत आले, आत आले नाहीत. “माझी परीक्षा घेतलीत होय?” म्हणाले. मामंजींनी पान पुढं केलं, त्यांनी ते घेतलं नाही. त्यानंतर त्यांच्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. मला बांगड्या भरायला बाजारात दुसरीकडे जावं लागायचं.

आणि पलीकडे गुमास्त्याला प्रश्न पडला, पेटी वरच्या आळीत असते हे आमच्याकडे बोललं कोण? त्याचा संशय टोकाच्या खोलीतल्या गाडीवानावर गेला, कारण तो कधीमधी म्युनिसिपालटीची खडी वाहायचा. गाडीवानानं शपथा घेतल्या, पण महिना संपायच्या आत त्याचं बिऱ्हाड निघालं. बायको, दोन पोरं आणि भांडी गाडीत घालून तो वरंधकडे गेला, तिथं त्याचा मेहुणा होता.

पुढं कधीतरी मी विहिरीवर असताना गडग्यापलीकडे ती हमालाची बायको दिसली. मी हळूच म्हटलं, “त्या गाडीवानाचं वाईट झालं.”

“व्हय.” तिनं खांद्यावरचं पोर सावरलं. “मी सांगितला असा बोलले असते तर मी गेले असते.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मी कुणाला सांगीन की नाही याचा अंदाज घेतल्यासारखं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.