नदाफ बाई आणि पहिली पसंती

लग्नपत्रिकेत सगळ्यांत वर ज्याचं नाव छापतात तो मोठा माणूस लग्नाला येत नाही, हे मी जन्मभर पाहत आले आहे. नाव वर असलं की मान राखला जातो, आणि मांडवात त्याच्यावाचून काही अडत नाही. त्याच हिशेबानं मी माझ्या नातीच्या, तनूच्या, अकरावीच्या अर्जात पहिल्या पसंतीला साताऱ्याचं एक नावाजलेलं कॉलेज घातलं. आणि ते आलं.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. तेव्हा मी तरुण होते, अडुसष्ट वर्षांची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं. त्यातून मी नववी शिकलेली, आणि आमच्या गावात माझ्या वयाच्या बायकांत नववी म्हणजे जवळजवळ वकिली. त्या येडपट तरुणीनं दुसरं काही चांगलं केलं नसेल, पण तिच्यामुळे माझी नदाफ बाईंशी गाठ पडली.

नदाफ बाई इस्लामपूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचं मार्गदर्शन त्यांच्याकडे यायचं. हल्ली अकरावीचा अर्ज कॉम्प्युटरवर भरतात. आधी मुलाची माहिती भरून ती तपासून घ्यायची, मग आपल्याला हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमानं घालायची. मार्क आणि पसंती बघून यंत्र जागा वाटतं, एकेका फेरीत. माहिती तपासून घ्यायला मी तनूला घेऊन गेले. खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि समोर एकच खुर्ची. एसटीत उभी राहून आलेली मी, खुर्ची दिसली की बसणारच.

उंच, सावळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बाईंनी तो नाकावर चढवला आणि मला नीट न्याहाळलं.

"आजी, अकरावीला तुमी बसणार हाय का?"

"न्हाई बाई. नात."

"मग तिची खुर्ची तिला द्या. तुमचा बाक बाहेर हाय. वारं बी चांगलं येतं तिथं."

आईबापांना आणि आज्यांना त्या खोलीत जागाच नव्हती. बाई कॉम्प्युटरचा पडदा मुलाकडे वळवून ठेवायच्या, माऊसही त्याच्याच हाताशी. स्वतः तो कधी हातात घ्यायच्या नाहीत. एखादं पोरगं अडखळलं, घामेघूम झालं, तरी या दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलेल्या. "ज्याला रोज बस धरायचीय त्यानंच बटण दाबायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "माझा हात लागला तर दोन वर्षं मला शिव्या देशील. तुझा लागला तर निदान अभ्यास करशील."

बाकावर माझ्या शेजारी कडेगावकडचा एक बाप्या होता. त्याची मुलगी आत गेली तशी यानं दारातून आवाज दिला, "बाई, तिला आर्ट्सच घाला. सायन्स झेपायचं न्हाई तिला." बाई उठून दारापर्यंत आल्या.

"काय करता तुमी?"

"ऊस हाय."

"कुठल्या जातीचा ऊस लावायचा त्ये कोण ठरवतं? बांधाशेजारचा?"

"त्यो कशाला ठरवंल? माझं रान हाय."

"मग बसा."

बाप्या बसला. मी पदरात हसले. दुसऱ्याची जिरली की फार बरं वाटतं.

तिथले शिपाई, त्यांना सगळे बाबूमामा म्हणायचे, त्यांनी बाकावरच मला बाईंची हकिकत सांगितली. बाईंचे वडील गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. बाई शिकल्या, शिकवायला लागल्या. पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलाला याच कॉलेजात सायन्स हवं होतं आणि ते थोडक्यात हुकलं. तेव्हा प्रवेश इथल्या इथेच व्हायचे, खिडकीतून यादी लागायची. बाईंनी प्राचार्यांकडे शब्द टाकला असता तर काम झालं असतं. "पण बाई काय म्हणल्या ठावं हाय का?" बाबूमामा म्हणाले. "म्हणल्या, यादीत त्याच्या वर ज्याचं नाव हाय त्याच्या आईला मी वळखत न्हाई, पण ती बी असंलच की कुठंतरी." मुलगा दोन वर्षं कऱ्हाडला बसनं गेला. आई इथे दुसऱ्यांच्या मुलांना बेडूक शिकवत राहिली.

हे ऐकून शहाण्या बाईनं काही शिकावं की नाही? पण मला बाहेर बसवल्याचा राग होता. पसंती भरायची वेळ आली तेव्हा मी तनूला म्हटलं, त्या बाईकडे परत नको, आपल्या गावातच कॉम्प्युटरवाल्याकडे भरू. तिथे कुणी मला बाकावर बसवणार नव्हतं. उलट त्यानं मला पंख्याखालची खुर्ची दिली.

तनू म्हणाली, "पहिलं इस्लामपूर."

मी म्हटलं, "इस्लामपूर मिळणारच हाय तुला. वर एक मोठं घाल. साताऱ्याचं घाल."

"आजी, मला न्हाई जायचं साताऱ्याला."

"जायचंय कुणाला? नुसतं नाव गं. पहिला मान मोठ्याला द्यायचा असतो."

खरं कारण वेगळं होतं. माझी धाकटी जाऊ विमल साताऱ्याला असते आणि तिचा नातू त्याच कॉलेजात आहे. ते ती फोनवर 'हॅलो'च्या आधी सांगते. आमचीनंही तिथे अर्ज टाकलाय, एवढं मला म्हणता आलं असतं. कॉम्प्युटरवाल्यानं मान डोलावली, "वर मोठंच टाकायचं असतंय आजी." तनूनं मोठ्यांचं ऐकायचं म्हणून ऐकलं.

पहिल्या फेरीचा मेसेज आला, सातारा लागलं, आणि आमच्या घरात गोंधळ झाला. माझा आनंदाचा. मी आधी विमलला फोन केला, मग पेढे आणायला माणूस पाठवला, मग तनूकडे बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती. पेढा तिनं हातातच धरला होता.

"दुसरा नंबर घेऊ की," मी म्हटलं. "साताऱ्याला नको म्हणून कळवू. इस्लामपूर घेऊ."

माझी सून सुनीता गोठ्यातून आली, हातात दुधाची बादली. माझा मुलगा फौजेत, राजस्थानात. घर, रान, दोन म्हशी, सगळं तिच्यावर. तिनं मेसेज दोनदा वाचला. "आत्या, हितं लिवलंय, पहिली पसंती मिळाली की तीच घ्यायची. न्हाई घेतली तर पुढच्या फेऱ्या बंद. समद्यांत शेवटी उरलेल्या जागांची फेरी असती म्हणं, त्यातच मग."

लग्नपत्रिकेतला पाहुणा मांडवात येऊन बसला होता आणि आता उठायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदाफ बाईंकडे. मी बरोबर घरचा गूळ घेतला होता, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे कारखान्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना फोन करायला सांगून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तोवर त्यांचा फोन आलाच. बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बाई, जरा बघा की. आपल्याच माणसाची नात हाय."

"साहेब, नियम बोर्डावर लावलाय. फोटो पाठवते. त्यात कुठं आपल्या माणसाचा रकाना दिसला तर मला कळवा."

मग गुळाकडे बोट करून मला म्हणाल्या, "आणि ह्यो घरी न्या. चहात घाला. तुमाला सध्या गरज हाय."

त्या रागावल्या नव्हत्या, हे मला आज कळतं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला बाहेरही घालवलं नाही. पहिल्यांदाच म्हणाल्या, "आजी, आज तुमी आत थांबा. फक्त बोलू नका." मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाईंनी तनूला सगळं उलगडून सांगितलं. सातारा घ्यायचं तर दोन दिवसांत घ्यायचं. सोडायचं तर शेवटच्या फेरीपर्यंत थांबायचं. तेव्हा इस्लामपूरला सायन्सच्या जागा उरल्या तर तनूचा नंबर वरचा लागेल, तिचे मार्क चांगले होते. उरल्याच नाहीत तर मिळेल ते घ्यावं लागेल, किंवा वर्ष जाईल.

"उरतील का बाई?" तनूनं विचारलं.

"मला म्हाईत न्हाई. गेल्या साली उरल्या होत्या, ह्या साली काय होईल त्ये खोटं सांगणार न्हाई. पण आधी साताऱ्याला जाऊन ये. न बघता हो म्हणू नको आणि न बघता नको बी म्हणू नको."

त्यांनी तिथल्या एका ओळखीच्या प्राध्यापिकेला फोन लावला, पोरीला वसतिगृह आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणून. एवढंच त्यांनी आमच्यासाठी मागितलं, आणि त्यात कुणाची जागा जात नव्हती.

आम्ही साताऱ्याला गेलो. कॉलेज देखणं होतं. प्रयोगशाळेत ओळीनं सूक्ष्मदर्शक, वाचनालयात पोरी मान खाली घालून बसलेल्या. वसतिगृहाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. माझंच मन फिरलं. विमलच्या घरी चहा पिताना मी तनूला म्हटलं, "एवढं चालून आलंय तर घे की गं. तुझी आई काय, मी हाय की तिला." विमलनंही री ओढली. तनूनं कपबश्या विसळायला नेल्या. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मला वाटलं, पोरगी तयार झाली.

नदाफ बाईंच्या खोलीत मात्र तिनं खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, "मला सातारा नको."

मी भिंतीपासून पुढे आले. "अगं, वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे आजी. कॉलेज लय चांगलं हाय. पण मला संध्याकाळी घरी यायचंय. आणि मी मागितलंच नव्हतं ते."

ही पोरगी माझ्यापुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. मी बाईंकडे बघितलं, त्यांनी तरी समजवावं म्हणून. बाई दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ठरलं?" त्यांनी तनूला विचारलं.

"ठरलं."

"आजी, आता बाहेर बसा."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तनूच्या मैत्रिणी नवी दप्तरं घेऊन सकाळच्या गाडीला उभ्या राहायच्या. त्यांची गाडी जाईपर्यंत मी अंगणात फिरकायची नाही. तनू मात्र आईबरोबर वैरण आणायची आणि दुपारी नदाफ बाईंनी दिलेलं त्यांचं जुनं जीवशास्त्राचं पुस्तक वाचायची. बाईंनी पुस्तक देताना बजावलं होतं म्हणे, "कुठलंबी कॉलेज मिळू दे, पेशी सगळीकडं सारखीच असती." प्रत्येक फेरी झाली की इस्लामपूरला सायन्सच्या किती जागा राहिल्या ते त्या फोन करून सांगायच्या. जागा कमी कमी होत गेल्या. बाईंनी एकदाही "होईल, काळजी करू नका" असं म्हटलं नाही. आधी मला ते निष्ठुरपणाचं वाटायचं. नंतर नंतर त्यांचा फोन आला की मला धीर यायचा, कारण त्या सांगतील तेवढंच खरं आहे, त्यात साखर कालवलेली नाही, हे पक्कं ठाऊक झालं होतं.

शेवटच्या फेरीचा अर्ज तनूनं त्यांच्याच खोलीत भरला. मी न सांगता बाकावर जाऊन बसले. बाबूमामांनी चहा आणला, तोही मला गोड लागेना.

जागा उरल्या होत्या. फार नव्हत्या, पण तनूचा नंबर त्यांत बसला. इस्लामपूर, सायन्स. कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. पहिल्या चाचणीत पोरीला निम्मं कळलं नाही, घरी येऊन रडली. नदाफ बाईंनी तिला मधल्या सुट्टीत बसवून मागचं शिकवलं, आणि ती एकटी नको म्हणून वर्गातल्या आणखी चार मागे पडलेल्यांनाही.

यंदा मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला पालकही आले होते. कडेगावचा तो बाप्याही होता, त्याची मुलगी सायन्सलाच आहे. भाषणं फार झाली. बाई स्वतः बोलायला उठल्या त्या एवढंच म्हणाल्या, "जूनमध्ये त्या खोलीत कोण बी बसू द्या, खुर्ची एकच ठेवा."

समारंभ संपल्यावर मी त्यांना गाठलं. आता त्या मुलाकडे, पुण्याला जाणार होत्या. एक वर्ष पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं. म्हटलं, बाई, माझ्या मिरवण्यापायी पोरीचे दीड-दोन महिने गेले, जीव टांगणीला लागला, तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, आज तरी बोला.

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला आणि माझा हात धरला.

"महिने गेले त्ये खरं हाय, आजी. त्ये मी बरं न्हाई म्हणणार. पण साताऱ्याला नको म्हणणं सोपं होतं. त्या पोरीनं तुमाला नको म्हटलं. त्ये आमच्या कॉलेजात शिकवत न्हाईत."