मावशीच्या हातातली काडी
नवरा गेला म्हणून बाईच्या हातातली कला जाते का? ओल्या गेरूचा वास आला की मला डहाणूच्या किल्ल्याचा उत्सव आठवतो. खाडीच्या वाऱ्यात फडफडणाऱ्या, गेरूने रंगवलेल्या कापडावर आमच्या पाड्यातल्या बाया तांदळाच्या पिठाने किल्ला काढत होत्या. माझी विधवा मावशी लांब उभी होती. लग्नघराच्या भिंतीवरचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, सवाशिणींनीच लिहायचा, म्हणून कित्येक वर्षं तिने चित्र काढायची बांबूची काडी धरली नव्हती. "ये ना गं!" एकीने हाक मारली. "माझा हात लागलेला चालत नाय." तशी एक म्हातारी हसली, "अगं, किल्ल्याचं काय लगीन हाय?" सगळ्या खिदळल्या. मावशीने काडी पिठात बुडवली आणि किल्ल्यासाठी डोक्यावर दगड वाहणाऱ्या बायांची लांबच लांब रांग काढली. आता बहिणीच्या लग्नाचा चौक आम्ही मावशीकडूनच लिहून घेणार आहोत. तुमच्या घरातही अशी कुणी लांब उभी असेल, तर तिच्या हातात काडी द्या.