माझं तिकीट मीच रद्द केलं म्हणे

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे सगळं होऊनही तो बसलेला नाही. मनात बसली आहे ती चीड... कारण एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकच अशक्य गोष्ट सांगतात आणि खोटी ठरते मी!

मी बालाघाटची. अशांत देशांतली प्रवासवर्णनं लिहिते. सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा वाद मदनी शहरात अडकले. फोन, इंटरनेट — चार दिवसांपासून सगळं ठप्प. शेवटी पोर्ट सुदानला, म्हणजे देशाबाहेर पडायच्या बंदराला, जाणाऱ्या बसचं तिकीट मिळालं, दुपारी एकचं.

साडेबाराला बॅग घेऊन पोचले, तर तिकीटवाला यादीवर बोट ठेवून म्हणाला, "तुमचं नाव खोडलंय. सकाळी आठला तुम्हीच येऊन रद्द केलंत."

"मी? आठला मी हॉटेलच्या अंगणात पाण्याच्या रांगेत होते!"

"तुम्हीच होतात. हाच निळा स्कार्फ."

माझी सीट त्यानं एका शाळामास्तरांना दिली होती. मोडक्या अरबीत भांडले, मग चक्क हिंदीत. बस गेली. मी रागानं रडत बॅगेवर बसून राहिले.

संध्याकाळी कळलं, वाटेत बसवर गोळीबार झाला. त्या मास्तरांच्या खांद्यात गोळी घुसली. वाचले बिचारे... पण जागा माझी होती.

दहा दिवसांनी घरी पोचले. बाबा बैहरच्या जंगल खात्यातून रिटायर झालेले, टीव्हीसमोर बसले होते. मी बसचं सांगायला लागले, तर म्हणाले, "मालूम आहे. तूच तं फोन केलता."

"कधी?"

"त्याच दिवशी, साडेअकराले. म्हणली, तिकीट रद्द केलं, काळजी करू नका."

"बाबा, तिथले फोनच बंद होते!"

"मले काय मालूम? लँडलाइन वाजली, मी उचलला."

आपले साडेअकरा म्हणजे तिथले आठ.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला भास झाला असेल. ठीक. मग तिकीटवाल्यालाही तोच भास, त्याच वेळी? यावर एखादा म्हणतो, "देवाची कृपा समझ लो." आणि मास्तरांवर काय, अवकृपा?

वर बाबांचीच तक्रार — "त्या दिवशी किती गोडीनं बोलली तू! 'बाबा, माझ्यावर रागावू नका' म्हणली. आता काहून ओरडून राह्यली?"

मी बाबांशी जन्मात असं बोललेली नाही. कोण बोललं, मला अजून माहीत नाही.