झाडावरचा चिकू आणि शेवटचा शहाणा

जावयाने सासरी कामाला हात लावायचा नाही, हा आमच्या सासुरवाडीचा कायदा. पाहुणा म्हणून आलेल्या जावयाला तो लागू पडतो, ठीक आहे. पण मी सहा वर्षं तिथेच राहतोय! बायको एकुलती एक, माझी प्राध्यापकाची नोकरी डहाणूच्या कॉलेजात, म्हणून लग्नानंतर मसोलीच्या त्यांच्या घरीच राहायचं ठरलं. मागे चिकूची मोठी वाडी. रोज सकाळी सासरे, माणसं, टोपल्या, जाळी लावलेले बांबू, सगळी वरात वाडीत जायची आणि मी ओटीवर. समोर ट्रे, ट्रेमध्ये कपबशी, बशीत चार बिस्किटं. घरातले बाकी सगळे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या स्टीलच्या ग्लासातून चहा प्यायचे. एकदा मी उत्साहाने टोपली उचलली, तर सासूबाई धावत आल्या. "अहो जावईबापू, राहू द्या, राहू द्या!" सासरे काहीच म्हणाले नाहीत. ते कधीच काही म्हणत नसत. माझी बढती झाली, "बरं." मला डेंग्यू झाला, "बरं." सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही वाडीत चला म्हटलं नव्हतं आणि मला, खरं सांगतो, त्याचा फार राग यायचा.

तो राग मी नाटकात काढला. म्हणजे लोकांची अक्कल कशी दिवसेंदिवस उतरत चालली आहे यावर एक धमाल नाटक लिहिलं. त्यातल्या गावात माणसं चिंब भिजत उभी राहून मोबाईलमध्ये बघतात, पाऊस पडतोय का. दरवर्षी ज्याची हुशारी सगळ्यात जास्त उतरली त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. कुणी प्रश्न विचारला की त्याला धरून डॉक्टरकडे नेतात. आणि शेवटी उरतो एकच विचार करणारा माणूस. तो चिकूच्या झाडाखाली उभा राहून चार मिनिटांचं भाषण करतो. ही भूमिका कोण करणार यावर मी चर्चासुद्धा होऊ दिली नाही. मीच!

भाषणात एक जागा मला विशेष प्रिय होती. "या गावात डोकं शाबूत असलेला मी एकटाच उरलोय," असं म्हणत शहाणा हात वर करतो, झाडावरचा चिकू तोडतो आणि शांतपणे खातो. निसर्ग, माणूस, विवेक, सगळं एका घासात. फांदीला बांधायला मी सासूबाईंकडे पिकलेला चिकू मागितला.

"बांधायचाय, मग पिकलेला कशाला?" त्या म्हणाल्या.

"तोडून खायचाय ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं, आणि निमूटपणे एक चिकू काढून दिला.

मसोलीत एका रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. सासरे पहिल्या रांगेत. लोक हसत होते, बायको तर गावातल्या बाईच्या भूमिकेत नुसती सुटली होती. मग माझं भाषण आलं. मी चिकू तोडला, खाल्ला, आणि हॉल कोसळला! माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी होती. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत बाहेर गेले, पाणी पिऊन परत आले आणि मला बघून परत हसायला लागले. माझं भाषण गंभीर होतं हो! मी आवाज चढवला तसा हशाही चढला.

प्रयोगानंतर आम्ही प्रेक्षकांना अभिप्रायासाठी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. कॉलेजातल्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं फाडून मी स्वतः त्या केल्या होत्या. घरी येऊन डबा पालथा केला आणि बायकोला म्हटलं, वाच.

"पंखे बंद होते." पुढची. "शेवटी एखादं लग्न हवं होतं." पुढची. "हे आमच्या शेजाऱ्यांवर लिहिलंय, आम्ही ओळखलं." असल्या सात निघाल्या, अक्षरं वेगवेगळी, शेजारी तोच. मग सुरू झालं. "गावातले वेडे ठीक, पण झाडाखालचा वेडा सगळ्यात भारी." "त्या चिकूवाल्याला आणखी काम द्या." "झाडावरून तोडून खाल्ला तरी तोंड वाकडं केलं नाही, अभिनयात तेवढंच कमी." "गाव खरं वाटलं. तो येडा कुठून आणला?"

"येडा?" मी ओरडलो. "शहाणा आहे तो!"

बायको पलंगावर आडवी पडून हसत होती. "अरे, झाडावरचा चिकू कुणी खातं का? तोडून चार दिवस पिकवावा लागतो. इथलं शेंबडं पोरसुद्धा तोंड लावणार नाही."

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंयस! एवढं तर कुणालाही कळतं."

हात्तिच्या! मी सोलापूरचा. आमच्याकडे चिकू गाडीवर येतो, पिकलेलाच. सहा वर्षं चिकूच्या वाडीकडे पाठ करून बिस्किटं खाल्ली, मला कोण सांगणार? एक चिठ्ठी सासऱ्यांनी चार घड्या घालून माझ्या हातात दिली होती. ती मी सगळ्यात शेवटी उघडली. कोरी होती. बायको हसायची थांबली, आणि मला त्या सगळ्या येडा-येडापेक्षा ती कोरी चिठ्ठीच जास्त लागली.

मी नाटक बंद करणार होतो, पण तिसऱ्याच दिवशी गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावाहून निरोप आला, शाळेच्या मैदानावर प्रयोग करा आणि तो चिकूवाला आणाच. बायको नाचायला लागली. सगळं सामान न्यायला वाडीचा टेम्पो लागणार होता आणि टेम्पो सासरेच चालवत. त्यांना विचारलं. म्हणाले, "बरं."

वेवजीला पोचलो तेव्हा कळलं, आमच्या नेपथ्यवाल्याने पिकलेल्या चिकूवर बसून प्रवास केला होता. त्याच्या पँटला वास मस्त येत होता, पण चिकू संपला होता. मैदानाच्या कडेलाच एका घराच्या अंगणात चिकूचं झाड होतं. मी म्हटलं, बोंबला, त्यात काय एवढं! मालकिणीला विचारलं आणि चांगलं मोठं, तपकिरी फळ बघून तोडलं. थोडं कमी गोड असेल, एवढंच ना? कळतंय का मी काय म्हणतोय ते? इतक्या चिठ्ठ्या वाचूनसुद्धा!

दुपारी चारला प्रयोग सुरू झाला. मराठी, गुजराती, वारली, सगळ्या भाषांत हसणारी माणसं पुढ्यात. माझं भाषण आलं. "या गावात डोकं शाबूत असलेला मी एकटाच उरलोय," म्हणालो आणि चांगला मोठा लचका तोडला.

आई गं! तोंड असं आवळून आलं की जीभ कुठे आणि टाळू कुठे कळेना. वर चीक. वरचा ओठ खालच्या ओठाला चिकटला तो चिकटलाच. साडेतीन मिनिटांचं भाषण बाकी आणि माझ्या तोंडून नुसतं "म्म्म". मैदान उसळलं. मागच्या माणसांनी उभं राहून शिट्ट्या मारल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "अरे वेड्या, थुंक! थुंक आधी! गिळू नकोस!"

सासरे! धोतर सावरत ते सरळ स्टेजवर चढले. वाडीवाल्यांच्या खिशात हाताचा चीक काढायला खोबरेल तेलाची बाटली असतेच, ती काढली, माझी हनुवटी धरली आणि हजारभर डोळ्यांसमोर माझे ओठ चोळायला लागले. चोळता चोळता ओरडतच होते. "सहा वर्षं वाडीत राहतोस आणि एवढं कळत नाही? हे बघ!" माझ्या हातातलं फळ घेतलं, नखाने खरवडलं. "खाली हिरवं दिसतंय ना? मग हात लावायचा नाही. पिवळट दिसलं तर तोडायचं. तोडलं तरी चार दिवस ठेवायचं. कळलं?" मी मान डोलावली. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "काका, परत एकदा समजावा, मास्तर नापास आहे!"

बायको पुढे आली. नाटकात नसलेलं वाक्य, तिच्याच मनाचं. हात जोडून प्रेक्षकांना म्हणाली, "आमच्या गावात विचार करणारा एकच उरला होता. आता त्याचंही तोंड बंद झालं." आणि पडदा.

चार मिनिटांच्या भाषणात मला जे सांगता आलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत संपवलं! टाळ्या थांबेनात. चिठ्ठ्या आम्ही घरी विसरलो होतो, म्हणून वेवजीकरांनी अभिप्राय तोंडीच दिले. एका आजींनी माझ्या पाठीवर थाप मारून "बहु मजा आवी" म्हटलं. पण बहुतेकांचं मत एकच होतं, तेलवाल्या काकांचं काम एक नंबर, त्यांना आणखी वाक्यं द्या.

परतताना मी टेम्पोत सासऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. ओठांना खोबरेल, मनात धाकधूक. घोलवड आलं. शेवटी न राहवून मी विचारलं, "कसं वाटलं नाटक?"

त्यांनी गिअर बदलला. म्हणाले, "उद्या सहाला ऊठ. जुना शर्ट घाल, चिकाचे डाग जात नाहीत."

सकाळी सहाला मी सवयीने ओटीवर जाऊन बसलो. ट्रे आला नाही. पाच मिनिटं वाट बघितली आणि आत डोकावलो. सासूबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"चहा ओट्यावर आहे, घे," म्हणाल्या. "निवला असेल. ते कधीचे तुझी वाट बघतायत."

ओट्यावर स्टीलचा ग्लास होता. मी उभ्या उभ्या तो गार चहा प्यायलो आणि दाराशी ठेवलेली टोपली उचलून वाडीकडे पळालो. मला कुणी अडवलं नाही.