भाजक्या मातीचा आळ

माझे दात चहात बुडवून ठेवल्यासारखे तपकिरी होते, आणि त्याचं खापर आमच्या घरी कधीच आईच्या डोक्यावर फोडून झालं होतं. माझ्या वेळी तिला भाजक्या मातीचे डोहाळे लागले होते. कुंभाराकडचे खडे ती पदराआड कुरतडायची, हे आत्यानं पाहिलं होतं. पुढे मला दात आले ते असे. धाकट्या भावाच्या वेळी आईनं धसका घेऊन मातीला हात लावला नाही, तर त्याचे दात पांढरेशुभ्र! झालं, याहून मोठा पुरावा कोणाला हवा? माझ्या लग्नाचा विषय निघाला की आत्या सुस्कारा टाकायची, "वहिनीच्या जिभेनं पोरीचा घात केला." आई खाली मान घालून पोळ्या लाटत राहायची. त्या खाली मानेचा मला भयंकर राग यायचा.

दातांच्या कॉलेजात मी गेले ती या चिडीपोटीच. सत्तरच्या दशकात पहिल्या वर्षाला आनुवंशिकता कोणी मनावर घेत नसे. दात उपटायला शिकायचं, त्यात डीएनए कशाला? पण आमचे सर फळ्यावर ती पीळदार शिडी काढताना असे रंगात यायचे की खडूचा भुगा कोटभर उडायचा. पेशीपेशीत चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. काही चुका अशा, की एकाच प्रतीत असल्या तरी भोवतात. "उदाहरणार्थ," असं म्हणत त्यांनी पडद्यावर एक चित्र टाकलं.

माझेच दात! तसाच तपकिरी रंग, तशाच झिजलेल्या कडा. सर म्हणाले, हा दाताच्या आतल्या थराचा पिढीजात दोष. नेमकं कोणतं अक्षर चुकलं, ते अजून कोणाला सापडलेलं नाही. आईबापांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. मी ताडकन उभी राहिले.

"सर, पोटुशेपणी आईनं माती खाल्ली तर होतं का हे?"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "माती खा नाही तर पेढे खा, त्यानं हे होत नाही. घरात आणखी कोणाचे दात असे आहेत, ते बघ."

निम्मी! म्हणजे भाऊ नाणेफेकीत सुटला होता, एवढंच! सक्करदऱ्यातल्या आमच्या घरापर्यंत मी सायकल कशी हाणली, मला आठवत नाही. पण आणखी कोणाचे? आई तर दातांनी ऊस सोलायची. बाबांना तरुणपणापासून कवळी, तंबाखूनं दात गेले म्हणून सांगायचे. आणि आत्या जुन्या वळणाची, दातांना काळंभोर दातवण लावणारी. त्या काळ्याखाली काय आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. मी टॉर्च घेऊन तिच्यापुढे बसले. "आत्या, आ कर."

"काहून वं? माह्या तोंडात काय सोनं हाय?"

"सोन्याहून मोठं हाय."

मागचा एक दात आतून हलकेच खरवडला. काळं निघालं, आणि खाली माझाच दात निघाला, हिरडीपर्यंत झिजलेला. मी आनंदानं किंचाळले. आत्या घाबरली. मी बाबांकडे वळले. "बाबा, तुमचे दात कसे होते?"

बाबांनी कवळी काढून हातात घेतली. "असेच होते. कपच्या पडत गेल्या. मले वाटे, विहिरीचं पाणी. तंबाखू तं मंग सुरू केली, लोकायले काहीतरी सांगा लागते."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिची मान वर होती, आणि बाबांची खाली.

मी कोळशानं फरशीवर आमचं घराणं काढलं, सरांनी शिकवलं तसं. पुरुष चौकोन, बाया गोल. ज्याला दोष, तो काळा करायचा. बाबा काळे, आत्या काळी, मी काळी. भाऊ कोरा. आई कोरी.

आई वाकून आपल्या कोऱ्या गोलाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग तुले माह्यापासून काहीच नाई आलं काय वं?"

मला वाटलं होतं, ती हसेल. "अर्धी तं मी तुहीच होय न, माय."

संध्याकाळी आई स्वतः कुंभाराकडे जाऊन खड्यांची पुडी घेऊन आली. ओसरीवर आत्यासमोर बसून, पदराआड न लपवता, तिनं भाजक्या मातीचा खडा दाताखाली धरला आणि काडकन फोडला. डोळे मिटून चावत राहिली. आत्यानं बराच वेळ पाहिलं, आणि हात पुढे केला. आईनं पुडी चाचपून त्यातला सगळ्यात मऊ तुकडा तिच्या हातावर ठेवला.