लाल कार्डवाली तिचाकी, अर्थात चेन्नईच्या रविवार मंडळाचा रौप्यमहोत्सव

चेन्नईला जायचं ठरलं ते खरं तर नाईककाकांची कुरकुर बंद व्हावी म्हणून. काका आमच्या भोसरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. पुढच्या महिन्यात रिटायर होणार, आणि ते ठरल्यापासून डब्यातल्या भाजीपासून देशाच्या कारभारापर्यंत सगळ्यावर एकच शेरा: "आमचं काय आता, आमच्यावर लाल कार्ड!"

हे लाल कार्ड काय ते आधीच सांगते, कारण पुढची सगळी फजिती त्याच्यापायीच झाली. कारखान्यात जी वस्तू त्या जागी लागत नाही तिला लाल कार्ड बांधतात. कार्ड लागलं की वस्तू तिथून हलते. दुसऱ्या खात्याला लागत असेल तर तिकडे जाते, कुणालाच नको असेल तर भंगारात. "का?" असं कोणी विचारत नाही. ही शिस्त काकांच्या रक्तात इतकी भिनलीय की काकूंनी एकदा देवघरातल्या घंटेवर कार्ड पाहिलं होतं.

आम्ही कारखान्यातली काही मंडळी रविवारी एका शेडमध्ये जमून अपंगांसाठी हाताने चालवायच्या तिचाकी सायकली बनवतो. ही कल्पना आमची नाही, चेन्नईच्या कामगारांची. त्यांच्या रविवार मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून समारंभाचं बोलावणं आलं. मी म्हटलं, "काका, चला. हवापालट होईल."

"मी येऊन काय करू तिथे?"

"इडली खा!"

आले. बॅगेत चार शर्ट, कुंदाच्या वड्या आणि लाल कार्डांचा एक गठ्ठा. तो गठ्ठा मला नंतर दिसला, नाहीतर सोलापूरलाच खिडकीबाहेर टाकला असता.

पहिला दिवस

पुण्याहून एक रात्र आणि दुसरा जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो. जाणाऱ्यांनी स्लीपरचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि गुंतकलच्या पुढे पंख्याखालचा बर्थ जीव गेला तरी सोडू नका. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मीटर दाखवलं तर तो असा गोड हसतो की आपल्यालाच लाज वाटते. भाव आधी ठरवा, मगच बसा. आमची सोय अण्णा नगरातल्या एका लॉजमध्ये होती, स्वच्छ आणि परवडणारी. शेजारीच मेस. केळीच्या पानावर भात वाढतात, तो संपायच्या आत पुन्हा वाढतात, आणि नको म्हटलं की दुखावल्यासारखा चेहरा करून पुन्हा वाढतात. काकांनी चपाती मागितली. वाढप्याने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि भात वाढला.

दुसरा दिवस

सकाळी मंडळाचे सेक्रेटरी सेल्वम न्यायला आले. मेन्टेनन्स खात्यातला भरघोस मिशांचा आनंदी माणूस. हिंदी बोलतात आणि क्रियापद लागलं की इंग्रजीत उडी मारतात. श्रीपेरंबुदूरकडच्या बसने इरुंगाट्टुकोट्टैला गेलो. बसवरच्या पाट्या तमिळमध्ये, तेव्हा चढण्याआधी विचारा, आणि चढल्यावरही विचारा. तिथल्या कारखान्यांच्या मागे मंडळाची शेड आहे. कंपन्यांनी नापास केलेले पाइप आणून त्यांची ही माणसं इतकी देखणी तिचाकी करतात की मी हरखून गेले. नवी निळी तिचाकी समारंभासाठी सजून उभी होती.

"ही तुळजाबाई टीचरांना," सेल्वम म्हणाले. "आमची पहिली तिचाकी त्यांना दिली होती. पंचवीस वर्षं चालवली. उद्या नवी देणार, जुनी म्यूझियममध्ये ठेवणार."

"बाईंना विचारलंत?" मी म्हटलं.

"सरप्राइज!" सेल्वम खुशीत म्हणाले. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकायला हवी होती.

तिसरा दिवस, म्हणजे समारंभ

कार्यक्रम अण्णा नगरातल्या एका हॉलमध्ये दुपारी. सकाळी तुळजाबाईंनी आपली तिचाकी तेलपाण्यासाठी भाच्याबरोबर पाठवून दिली. स्वतः दुपारी भाच्याच्या गाडीने येणार आणि परत जाताना आपल्या तिचाकीतून. मी स्टेजवर झेंडूच्या माळा बांधत होते. काकांना कोणी काम दिलं नव्हतं, आणि काम नसलेले काका म्हणजे मोकळा सुटलेला वळू. हॉलच्या मागच्या बाजूला पसारा दिसला आणि त्यांचा गठ्ठा बाहेर निघाला.

मोडका पंखा, कार्ड. फाटका बॅनर, कार्ड. रंग उडालेली, सीटला गोधडीचा तुकडा शिवलेली जुनाट तिचाकी, कार्ड!

बरं, दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या माणसांनी विचारलं असतं की बाबा, ही कुणाची? पण इथे सगळे कारखान्यातले. मंडळाच्या पोरांनी लाल कार्ड पाहिलं आणि एक शब्द न बोलता सगळा माल टेम्पोत चढवून भंगारवाल्याकडे पोचवला. वर काकांना येऊन सांगितलं, "सर, क्लिअर्ड!" काका इतके खूश की दोन कॉफ्या प्याले.

जेवणं उरकली तेव्हा सेल्वमनी विचारलं, "पहिली तिचाकी स्टेजवर कोण आणतंय?"

काकांच्या हातातला पेला तसाच राहिला. "ती... गोधडीवाली?"

आई गं! मी काकांचा हात धरला, सेल्वमनी रिक्षा धरली, आणि आम्ही सुटलो. भंगारवाला दोन गल्ल्या सोडूनच होता, पण माणूस भलताच टापटिपीचा निघाला. लोखंडाच्या ढिगात सांगाडा, रबराच्या ढिगात टायर, चेन तिसरीकडे, गोधडी दोरीवर टांगलेली. काका सांगाड्यापाशी उकिडवे बसले.

"वैशू, मी त्या बाईचे पाय भंगारात घातले गं," ते म्हणाले. एवढी वर्षं ओळखते त्यांना, असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मला रागवायचं होतं, नाही रागावता आलं.

सेल्वमनी भंगारवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस केली. माल परत द्यायला तो तयार झाला, अट एकच, समारंभातल्या मेदुवडा-पायसमचं निमंत्रण. दिलं. आला, आणि पहिल्या रांगेत बसला.

आम्ही सांगाडा रिक्षाच्या टपावर आणि बाकीची तिचाकी पोत्यात घेऊन हॉलवर पोचलो तर तुळजाबाई स्टेजवर येऊन बसलेल्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीची साडी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची आणि सूर अस्सल तमिळ.

"माझी वंडी कोठे हो?" त्यांनी विचारलं. वंडी म्हणजे गाडी, एवढं मला आदल्या दिवशी कळलं होतं.

सेल्वमनी घाईघाईने निळी तिचाकी पुढे ढकलली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रोंब बरी आहे, फार बरी. पण माझी वंडी कोठे?"

काका स्टेजवर चढले आणि सांगाडा नि पोतं बाईंपुढे ठेवलं. "बाई, मी पुण्याचा नाईक. चूक माझी. मला ती कुचकामी वाटली. विचारलं नाही."

बाईंनी पोत्यात हात घालून गोधडी काढली, मांडीवर घेतली आणि नीट घडी केली. "ह्या वंडीत बसून मी शाळेत शिकवायला गेले, नाईकराव. त्याच्या आधी मला उचलून नेत होते. पोत्यासारखं." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "मला आज हिच्यातच घरी जायचं आहे."

"जाल," काका म्हणाले, आणि बाह्या वर केल्या.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. कामगारांनी भरलेल्या हॉलमध्ये कोणी स्टेजवर पाना मागितला, तर काय होईल? खिशाखिशांतून पाने निघाले. एकाने बायकोच्या पर्समधून पक्कड काढली. प्रमुख पाहुण्यांना खुर्चीसकट बाजूला सरकवलं. पण तिचाकी जुन्या पद्धतीची, कुठला भाग कुठे बसतो ते धड कुणालाच आठवेना.

"स्लाइड!" सेल्वम ओरडले. त्यांनी मंडळाच्या इतिहासावर तासाभराचा स्लाइड शो तयार केला होता, ज्याच्या भीतीने अर्धा हॉल दाराजवळ बसला होता. आता तोच इतिहास सगळे डोळे फाडून पाहायला लागले. "मागची लावा! अजून मागची!" पण गंमत अशी की प्रत्येक फोटोत तिचाकीपुढे मिशीवाले तरुण ओळीने उभे, आणि नेमकी चेन बसते तिथे कुणाचं तरी पोट.

"तो कोण आहे? पोट घ्या म्हणावं आत!" काका फोटोवर ओरडले. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा लाजून उभे राहिले. पोट त्यांचंच होतं.

शेवटी बाईंनीच सांगितलं, "चेन डाव्या अंगाला. पंचवीस वर्षं साडीला तेल त्याच अंगाला लागतं."

झालं! चाकं बसली, चेन बसली, गोधडी बसली. काकांनी स्वतः बसून हॉलभर एक फेरी मारून पाहिली, आणि मग बाईंना बसवलं. बाईंनी हँडल फिरवलं. तिचाकी पूर्वीसारखीच कुरकुरली. "हां, हीच," बाई म्हणाल्या आणि हसल्या, आणि हॉल असा दणाणला की पंखे हलले.

हँडलला लाल कार्ड अजून लोंबत होतं. बाईंनी ते सोडवलं. "हे काय हो, नाईकराव?"

काका चाचरले. "जी वस्तू इथे लागत नाही तिला लावतो. मग ती जिथे लागते तिथे जाते."

"सेरी, बरं," म्हणत बाईंनी ते कार्ड नव्या निळ्या तिचाकीला, हाराच्या बरोबर मधोमध, बांधून टाकलं. "मला लागत नाही. जिला लागते तिला द्या."

सेल्वमचं म्यूझियमही गेलं आणि सरप्राइजही. पण निळी तिचाकी त्याच आठवड्यात एका शिवणकाम करणाऱ्या मुलीकडे गेली, तसा त्यांचा फोन आला.

घरी

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसून होते. कुरकुर नाही, शेरे नाहीत. गुलबर्ग्याला चहा घेताना एकदाच म्हणाले, "जिथे लागते तिथे जाते, हे मीच सांगितलं बघ बाईंना." मी नुसतं हो म्हटलं.

चेन्नईहून काय आणलं म्हणाल तर कॉफी पावडर, केळ्याचे वेफर्स आणि सेल्वमच्या स्लाइडची सीडी, जी मी अजून लावलेली नाही. जायचं असेल तर थंडीत जा.

काकांचा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी मंगळवार. माझी दुसरी पाळी होती म्हणून सकाळी सहज आमच्या शेडवर डोकावले, तर कुलूप उघडं. आत काका, जुना खाकी शर्ट घालून. खिशाला लाल कार्ड टाचलेलं.

मी वेल्डिंगचे हातमोजे त्यांच्या पुढ्यात ठेवले.

काकांनी ते घेतले, कार्ड काढून खिशात घातलं आणि शेडभर नजर फिरवली. "हे घमेलं इथे कोणी ठेवलंय?"